मागचा खांब बघा

एर्लांगेन,
१४ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप बाबांना,
ईश्वरीचा शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही तिघं मजेत आहोत. नील सायकलने ऑफिसला जातो आणि आल्यावर पाय दुखतात म्हणून सांगत बसतो. अन्वीची शाळा सुरू झाली. तुमचं मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमधून येतं, ते तुम्ही फोनवर ऐकताच.

फोन असताना पत्र कशाला, असं वाटेल. आई फोन स्पीकरवर ठेवतात, आणि हे मला फक्त तुम्हाला सांगायचंय. नीलचा मित्र श्रीरंग कराडला येतोय. त्याच्याबरोबर पत्र आणि तुमचा कॅमेरा पाठवते आहे.

हो, कॅमेरा परत. "आता हा शोकेसमध्ये ठेवा," म्हणून तुम्ही आम्हाला दिलात. आमच्या लग्नातले फोटो हलले, तेव्हापासून तुम्ही त्यात रोल घातला नाहीत. तुमचे हात कापतात, हे घरात ठरूनच गेलं. स्कूटरची किल्ली काढून घेतली. सांडू नये म्हणून आई चहासुद्धा अर्धाच कप देतात. तुम्ही तो तसाच पिता, ते मला बघवत नाही.

गेल्या महिन्यात मी कॅमेरा इथल्या रिपेअर-कॅफेत नेला. शनिवारी तिथे हौशी मंडळी जमतात आणि बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करायला मदत करतात. फ्राऊ लिंडनर नावाच्या बाई कॅमेरे बघतात. त्यांनी मागचं झाकण उघडून कॅमेरा दिव्यासमोर धरला आणि मला खटका दाबायला सांगितला. शटरची पाती पापणीसारखी उघडून मिटायला हवीत. ही उघडली आणि भरपेट जेवल्यासारखी सावकाश मिटली. सेकंदाच्या साठाव्या भागावर लावलेलं शटर चांगलं अर्धा सेकंद उघडं राहत होतं.

"आल्झो, म्हणजे तेल घट्ट झालंय," बाई म्हणाल्या. पुढचं भिंग काढल्यावर पात्यांवर लाल चिकटा दिसला. "रोस्ट?" म्हणजे गंज का, असं त्यांनी विचारलं. मी बोटावर घेऊन बघितलं. गंज नव्हता, बाबा. कुंकू होतं.

खंडेनवमी समजावताना माझी दमछाक झाली. वर्षातून एकदा यंत्रांना मान द्यायचा, म्हटलं. "गेनाऊ, अगदी बरोबर, आमच्याकडे गाडीचं ट्यूफ असतं तसं," म्हणाल्या. इथल्या सक्तीच्या तपासणीशी आपल्या पूजेची गाठ घालून त्या मोकळ्या झाल्या.

पुढचं लिहायचं मी टाळत होते. कॅमेरा तुमच्याकडे होता तेव्हा खंडेनवमीला आई शिवणयंत्राला तेल घालताना एक थेंब कॅमेऱ्यालाही द्यायच्या आणि वर हळदकुंकू वाहायच्या. मी स्वतः पाहिलंय. तुमच्या कॅमेऱ्याला काही होऊ नये म्हणूनच करायच्या. त्यांना रागावू नका. मला त्यांचंही वाईट वाटतं.

पाती लायटरच्या पेट्रोलने पुन्हा पुन्हा धुतली आणि वाळवली. ती कोरडीच चालतात, तेल नकोच. आता खटका दाबला की कामापुरता आवाज येतो. अन्वी "नोख माल" म्हणते, म्हणजे पुन्हा एकदा, आणि मी पुन्हा दाबते.

मग घरी लग्नाचे फोटो काढून बसले. हार घालतानाचा फोटो आठवतो? आम्ही दोघं पुसट आलोय, कारण आम्ही हलत होतो. पण मागचा खांब बघा. त्याच्यावरच्या माळेतलं झेंडूचं फूल अन् फूल मोजता येतं. तुमचा हात हलला असता तर खांबही हलला असता. इतका वेळ उघडं राहिलेलं शटर तुम्ही स्टँडशिवाय पेललंत, बाबा. मी फोनच्या कॅमेऱ्यावर अर्धा सेकंद लावून पाहिलं, माझा खांब दोनदा आला. इतकी वर्षं आम्ही सगळे फक्त माणसं बघत राहिलो.

आज हात थोडे कापत असतीलही. पण कोणी तपासलंय?

रोल घातलेला आहे. अर्धा अन्वीवर संपला, उरलेला तुमचा. यंदा कुंकू बाहेरच्या चामडी केसला लागू द्या. पूजा करताना आईंचा फोटो काढा, त्या नको म्हणतील तरी. पण त्याआधी, हे वाचून झालं की त्यांच्याकडे चहा मागा. म्हणावं, कप काठोकाठ भर.

तुमची, खांब बघितलेली सून,
ईश्वरी