धारेच्या वेळचे थेंब

प्रिय मारित,

सकाळची धार आटोपून स्वयंपाकघरात बसले आहे. अंगात त्राण नाही, पण आत्ता लिहिलं नाही तर संध्याकाळची धार येईल आणि राहूनच जाईल. गायींना माणसाच्या थकव्याशी काही देणंघेणं नसतं. तुझे बाबा बुटांसकट खुर्चीत झोपलेत. कुरणावरचा बर्फ अजून हटायचं नाव घेत नाही.

तुझ्या इनेसच्या बाप्तिस्म्यापासून तू फोन उचलत नाहीस. मी बाळाला घेतलं नाही, गालाला गाल लावला नाही, चर्चच्या दाराशी कोट घालून परक्यासारखी उभी राहिले. पायऱ्यांवर तू म्हणालीस ते अजून कानात आहे, "आई, एफ्राइन लग्नाआधी आपल्याच गोठ्यात मजुरीनं धारा काढायचा, म्हणून त्याची मुलगी तुला हातात धरवत नाही ना?" तेव्हाच खरं कारण सांगायला हवं होतं, पण पोरी, मला लाज वाटली.

हिवाळाभर माझ्या पापण्या लाल होत्या, आठवतं? मला वाटायचं, चाऱ्याची धूळ असेल. चोळून चोळून डोळ्यांचं पार वाटोळं केलं. बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी खाली बघायला सांगितलं, भिंगातून पाहिलं आणि म्हणाल्या, "केसांच्या मुळाशी कोंडा साठलाय. पापण्यांत किडे झालेत, अगदी बारीक, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे." पुढचं मला ऐकूच आलं नाही. जन्म गोठ्यात गेलेल्या बाईला किडे म्हटलं की खरूजच दिसते. आणि खरूज झालेल्या वासराला आपण आधी कळपातून वेगळं बांधतो. तुझ्या त्या तांबड्या कालवडीला बांधलं होतं, तेव्हा तू कुंपणाखालून आत घुसून तिच्या गळ्यात पडली होतीस. मी तुला ओढून काढलं आणि गरम पाण्यानं कातडी सोलवटेपर्यंत घासलं. या खेपेला मी स्वतःलाच वेगळं बांधून घेतलं. एवढंसं तोंड इनेसचं, तिथे माझे किडे कसे सोडू?

सहा आठवडे, सकाळ-संध्याकाळ डोळ्यांत औषधाचे थेंब घालायचे होते. बाबांनी ते धारेच्या वेळांना जोडले, नाहीतर आम्ही कसले लक्षात ठेवतोय! गोठ्याच्या दाराशी बादली पालथी घालून मी बसायचे आणि मान मागे टाकायचे. बाबांची बोटं तुला माहीत आहेत. पहिल्या दिवशी थेंब नाकात गेला, वर मलाच ओरडले, "हलू नकोस गं, वासरंसुद्धा तुझ्यापेक्षा शहाणी!" औषध असं चरचरायचं की सगळ्या गायी मला धुरकट दिसायच्या. त्यात डॉक्टरीणबाई सहज बोलून गेल्या की कुत्र्यांना गोचिडांसाठी देतात त्यातलंच हे औषध आहे. तेव्हापासून बाबा मला आणि बस्टर कुत्र्याला एकाच शिट्टीत बोलावतात. हसू देत बिचारे. घरात हसण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

काल शेवटची तपासणी झाली. पापण्या स्वच्छ आहेत. मी हळूच विचारलं, आता नातीला घेतलं तर चालेल ना? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, तेव्हाही चाललं असतं! हे किडे बहुतेक सगळ्या मोठ्या माणसांच्या अंगावर असतात. जन्मतः कुणालाच नसतात. माणसं एकमेकांना जवळ घेतात, तेव्हा कधीतरी येतात. तान्ह्या बाळांना त्यांचा सहसा त्रास होत नाही." मी गाडीत येऊन खूप रडले. सहा आठवडे, मारित! तेवढ्या दिवसांत इनेस हसायलासुद्धा लागली असेल.

म्हणून हे पत्र. रविवारी दोन धारांच्या मधल्या वेळात मी येणार आहे. एफ्राइनसाठी लेफ्से, आपल्या बटाट्याच्या पातळ पोळ्या, लाटून ठेवल्यात. माझ्या हातच्या त्यालाच आवडतात, तू तर नाक मुरडायचीस. तुझा राग गेला नसेल तर दार उघडू नकोस, मी डबा पायरीवर ठेवून परत जाईन. पण उघडलंस, तर मला कोट काढायला सांगू नकोस, बस म्हणू नकोस. तिथेच, दारातच, तिला माझ्या हातात दे.

तुझीच,
वेगळी राहून दमलेली
आई