डाव्या कानाने दिलेला निकाल

मी, लिंडसे होरेस पुलर, वय वर्षे एकोणऐंशी, तरुणपणी सरकारी पगारावर जंगलात हरणे मारणारा आणि नंतर लाकूडगिरणीतला कामगार, राहणार तापानुई, पश्चिम ओटागो, न्यूझीलंड, लिहून ठेवतो की हे मृत्युपत्र मी माझ्या स्वयंपाकघरात बसून, माझ्या पेनाने, कोणीही मागे लागलेले नसताना लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कान नाहीत, पण डॉक्टरांचा दाखला फक्त डोक्याचा लागतो. याआधीचे मृत्युपत्र मी मेहुण्याशी झालेल्या भांडणाच्या भरात केले होते, ते रद्द समजावे.

माझ्या वकील फिओना ब्राइस यांचे म्हणणे असे की मृत्युपत्रात गप्पा मारू नयेत. "लिंडसे, कोणाला काय द्यायचं एवढंच लिहा. का ते कायदा विचारत नाही." कायदा नसेल विचारत, माझ्या घरचे विचारतात. त्यामुळे का तेही लिहिले आहे.

कलम १. राहते घर, त्यामागची शेड आणि चुलीसाठी फोडून रचलेली सगळी लाकडे माझी मुलगी ग्लेनिस हिला मालकी हक्काने मिळावीत. बँकेत जे असेल ते निम्मे तिचे, निम्मे तिची मुलगी आयल्सा हिचे. स्वयंपाकघरातली लाकडाची चूल काढून ग्लेनिसने विजेची शेगडी बसवू नये. ती बसवणार हे मला ठाऊक आहे, तरी लिहून ठेवतो.

टेस कुत्रीही ग्लेनिसकडे जाईल. तिला हाक मारून उपयोग नाही, जमिनीवर पाय आपटावा म्हणजे ती वळून बघते. सात वर्षे ती माझ्या गुडघ्याशी बसून बंदुकीचे बार ऐकत होती. मी कानांवर कव्हर घालायचो, तिला कोण घालणार? माझ्याकडून ज्यांचे नुकसान झाले त्यांत ती आहे, आणि तिला काही देऊन ते भरून येत नाही. तिला मटण मऊ शिजवून द्यावे.

कलम २. दोन्ही रायफली आयल्साला. तिच्याकडे परवाना आहे आणि नेम माझ्यापेक्षा चांगला आहे. हे मी तिला तोंडावर कधी सांगितलेले नाही.

कलम ३. आता सायलेन्सर. माझ्या तरुणपणी बंदुकीला सायलेन्सर लावणाऱ्याला आम्ही चोरटा शिकारी म्हणायचो आणि उघड्या नळीने बार काढून छाती फुगवायचो. आज त्या पिढीतला कोणीही भेटला की आम्ही दोघे एकमेकांना "काय?" एवढेच म्हणत असतो. नाव सायलेन्सर असले तरी तो रायफलला गप्प करत नाही. कानाचा पडदा फाटायची वेळ येते ती टाळतो, एवढेच. माझ्याकडचे पुढीलप्रमाणे वाटावेत.

टायटेनियमचा, परदेशी, लांबी पंधरा सेंटिमीटर, वजन दोनशे चाळीस ग्रॅम, किंमत अकराशे डॉलर, हा आयल्साला. ती ताहर या डोंगरी रानबोकडांमागे बर्फाच्या कडेकडेने चढते, तिथे पाठीवरचा प्रत्येक ग्रॅम जाणवतो. आवाजाच्या बाबतीत मात्र तो सगळ्यांत वाईट आहे. अट अशी की प्रत्येक बाराला तिने कानात बोळे घालायचे. "आजोबा, एकाच बाराने काय होतंय?" असे ती मला विचारते. काय होते ते तिने मला मोठ्याने विचारावे, म्हणजे कळेल.

पोलादी, लांबी सव्वीस सेंटिमीटर, वजन सातशे ग्रॅम, किंमत तीनशे वीस डॉलर, हा माझ्या दिवंगत पत्नीचा भाऊ मरे किड याला. आवाज छान दाबतो, पण बसवला की बंदुकीचे तोंड जमिनीकडे झुकते. जो माणूस आपल्या कुरणात पिकअप उभी करून खिडकीच्या कडेवर बंदूक टेकवतो त्याला वजनाचे दुःख कसले? मरेने १९९१ साली माझी झाडे कापायची करवत नेली आणि साखळीशिवाय परत आणली. ती साखळी या कलमाने माफ.

अ‍ॅल्युमिनियमचा, तीनशे दहा ग्रॅम, एकशे ऐंशी डॉलर, कशातच पहिला नाही आणि कशातच शेवटचा नाही, तो आमच्या शिकारी मंडळाला. नवीन येणाऱ्यांना शिकवायला तो योग्य आहे.

छोट्या बावीस बोअरच्या बंदुकीचा, नव्वद ग्रॅम, पंचाहत्तर डॉलर, हा रेव्हरंड मॉराग टेलफर यांना. चर्चमागच्या कबरी ससे उकरतात आणि बाई सोमवारी सकाळी त्यांचा बंदोबस्त करतात. याचा आवाज पुस्तक मिटल्यासारखा येतो, शेजारी तक्रार करणार नाहीत. बदल्यात माझ्या अंत्यविधीचे प्रवचन दहा मिनिटांत आटपावे.

कलम ४. पाचवा सायलेन्सर रेवी ते आऊ याने बनवलेला आहे. तो मी कोणालाही देत नाही. माझ्यासोबत पेटीत ठेवावा. कारण पुढच्या कलमात आहे.

कलम ५. रेवी माझा मित्र होता. लाकूडगिरणीत तो फिटर, मी करवतीवर. डबे एका फळीवर बसून खायचो. घरी शेडमध्ये धातू कातायची लेथ टाकून तो सायलेन्सर बनवायचा आणि निवृत्तीनंतर पूर्ण वेळ तेच करायचे असे त्याने ठरवले होते. त्याच्या सायलेन्सरचा डबा निम्मा नळीवर मागे चढतो, म्हणून पुढे फक्त दहा सेंटिमीटर दिसतो आणि दाट रानातल्या वेलींत अडकत नाही. वजन चारशे दहा ग्रॅम, किंमत त्या वेळी दोनशे साठ डॉलर.

फेब्रुवारी २००५ मध्ये मंडळाने चार सायलेन्सरची चाचणी ठेवली. एकच रायफल, एकच काडतुसे. आवाज मोजायचे यंत्र मंडळाला परवडत नव्हते, म्हणून परीक्षक मी. माझा उजवा कान सतत वाजायचा, तेव्हा मी डावा कान बंदुकीकडे करून उभा राहिलो आणि गुण दिले. टायटेनियमचा पहिला, पोलादी दुसरा, अ‍ॅल्युमिनियमचा तिसरा, रेवीचा शेवटचा. मंडळाच्या परिपत्रकात मी लिहिले की रेवीचा डबा पोट दुखणाऱ्या गाईसारखा हंबरतो. वाक्य लोकांना फार आवडले. पबमध्ये रेवी आत आला की कोणीतरी हंबरायचे. दोन महिन्यांत त्याच्या ऑर्डरी थांबल्या. सप्टेंबरात त्याने लेथ लिलावात काढली, बोली कोणी लावेना, ती मीच स्वस्तात उचलली. तेव्हापासून तो माझ्याशी बोललेला नाही. हेरियटला राहतो, इथून पंधरा मिनिटांवर.

गेल्या हिवाळ्यात ग्लेनिसने मला धरून नेऊन कानाची यंत्रे बसवून आणली. घरी आलो तर नळ चिरचिरत होता, किटली शिटी घालत होती आणि कुंपणावर पंख्यासारख्या शेपटीचा एवढासा पक्षी जीव तोडून ओरडत होता. हे सगळे इतकी वर्षे चालू होते म्हणे. कानाच्या बाईने आलेख दाखवला. उजव्या खांद्यावर बंदूक घेणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, तो आधी जातो. माझ्या डाव्या कानाला बारीक, तीक्ष्ण आवाज १९८० पासूनच ऐकू येत नसणार, फक्त जाड आवाज. म्हणजे जो तीक्ष्ण आवाज माणसाला बहिरा करतो तो रेवीचा डबा गिळत होता, आणि मला मागे उरलेले हंबरणे तेवढे ऐकू येत होते.

पत्नी नोएलीन तीस वर्षे म्हणत होती, "तुला ऐकू येत नाही." मी म्हणायचो, "तू पुटपुटतेस." तिची माफी मागायची राहिली. ती जाऊन सहा वर्षे झाली.

मंडळाकडे आता यंत्र आहे. उन्हाळ्यात मी एकट्याने तीच चाचणी पुन्हा केली. रेवीचा एकशे बत्तीस डेसिबल, पोलादी एकशे चौतीस, अ‍ॅल्युमिनियमचा एकशे अडतीस, टायटेनियमचा एकशे एक्केचाळीस. तीन डेसिबल कमी म्हणजे आवाजाची ताकद निम्मी, तेव्हा फरक किती ते ज्याचे त्याने काढावे. सबब मी लिहून ठेवतो की माझ्या पश्चात हा निकाल परिपत्रकात छापावा, माझा जुना निकाल चुकीचा होता असे माझ्या नावाने छापावे, [खोडले: आणि लेथ रेवीला परत मिळावी.] त्याने अंत्यविधीला यावे अशी माझी इच्छा आहे. मला त्याची फार आठवण येते.

दिनांक ४ जून रोजी मजकूर इथपर्यंत लिहिला होता. तो वाचून फिओनाने चष्मा काढला.

"हे मेल्यावर कशाला?"

"तेव्हा कोणी उलट बोलत नाही."

"नोएलीनच्या बाबतीत उशीर झाला असं तुम्हीच वरती लिहिलंय, लिंडसे. एक परिच्छेद वरती."

बाई वकील आहेत, त्यांना फी यासाठीच देतात. मी निकाल आणि माफी त्याच दिवशी मंडळाकडे पाठवली. परिपत्रक गुरुवारी निघाले. आज शनिवार आहे, आणि सकाळी जे घडले ते लिहिल्याशिवाय सही करता येत नाही.

कलम ६. सकाळी आठला जूनच्या ऐन हिवाळ्यातल्या दहिवरात रेवीची पिकअप फाटकाशी उभी राहिली. मागे ट्रेलर होता. तो उतरला, गुडघे दुखत असावेत, दाराला धरून उतरला.

"वाचलं," तो म्हणाला.

"बरं."

"एक पान लिहायला एकोणीस वर्षं लागली तुला."

"यंत्रं आत्ता मिळाली, रेवी. मी बहिरा होतो."

"आणि अख्खं गाव तुझं ऐकत होतं."

"तू का ऐकलंस? तोंडावर सांगायचंस ना, लिंडसे, तुझे कान गेलेत."

"सांगितलं होतं. तिथेच, चाचणीच्या जागी. तुला ऐकू आलं नाही."

मी त्याला शेडमध्ये नेले. लेथवरचे पोते त्याने स्वतः काढले, चाक हाताने फिरवून पाहिले आणि बाजूच्या फळीकडे बघितले.

"ही काय आहेत?"

"लाटणी. तीन केली."

"माझ्या लेथवर? लाटणी?"

"एक जरा वाकडं आहे."

"तिन्ही वाकडी आहेत, गाढवा."

मग मी त्याला सांगितले की लेथ त्याच्या नावाने लिहून ठेवली आहे. तो म्हणाला, "कधी मरतोयस?" मी म्हणालो, अजून ठरलेले नाही. "मग मी कशाला थांबू? माझे गुडघे तुझ्याआधी जातील. आजच दे." मरेला ट्रॅक्टर घेऊन बोलावले. तो ट्रॅक्टरवरून उतरला नाही, पण सूचना भरपूर दिल्या. दहापर्यंत लेथ ट्रेलरवर चढली. रेवीला मी त्याचा डबाही परत देऊ केला. तो म्हणाला, "पेटीत घालून काय करतोस, तिथे कोणावर झाडणार आहेस? आयल्साला दे." म्हणून कलम ४ रद्द, पाचवा सायलेन्सर आयल्साला. टायटेनियमचा तिने डोंगरासाठी ठेवावा, हा कानांसाठी.

कलम ७. फिओना अकराला आल्या, पण त्यांची कारकून तापाने घरी. दोन साक्षीदार लागतात, एक त्या स्वतः, दुसरा कोण? रेवी चहाचा कप ठेवून म्हणाला, "मी करतो."

"तुम्हाला नाही करता येणार," फिओना म्हणाल्या. "ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीला सही केली तर त्याला दिलेलं रद्द होतं. तुम्हाला लेथ मिळतेय."

"मला काहीच मिळत नाही. बाहेर बघा."

त्या खिडकीशी गेल्या, ट्रेलरकडे बघितले आणि परत येऊन बसल्या. मग कलम ५ मधले लेथबद्दलचे शब्द खोडले. खोडण्याआधी रेवीने ते सगळे कलम उभ्याने, ओठ हलवत वाचले. शेवटच्या वाक्यापाशी त्याला वेळ लागला. वाचून झाल्यावर त्याने उरलेला चहा भुरकून संपवला, तो भुरका मला ऐकू आला. माझी दोन्ही यंत्रे चालू होती.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी ग्लेनिसने करावी. वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझा आहे आणि त्यात आणखी बदल नाही. साक्षीदारांनी आपले नाव, व्यवसाय व पत्ता स्वतःच्या हाताने लिहावा, असा कायदा आहे.

ठिकाण: तापानुई
दिनांक: १५ जून २०२४

लिंडसे एच. पुलर
(सही)

आमच्या दोघांच्या समक्ष लिंडसे पुलर यांनी सही केली, व आम्ही त्यांच्या समक्ष सही केली.

साक्षीदार १: फिओना ब्राइस
व्यवसाय: वकील
पत्ता: गोर
(सही)

साक्षीदार २: रेवी ते आऊ
व्यवसाय: सायलेन्सर बनवतो
पत्ता: हेरियट
(सही)