एकतीस की सत्तावन्न

प्रिय गिएरी,

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे जिवंत आहेत. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी "बरा आहे गं ताई" म्हणून ठेवून देतोस, म्हणून लिहायला बसले. विचारायचं एकच आहे: शनिवारी मैदानी नेमबाजीला वर गावात येणार आहेस की नाही? मागच्या महिन्यात तुझ्या लेकाने तुझी सत्तावन्न सालची रायफल आमच्या दारात आणून ठेवली आणि "बाबा म्हणतात, आता नको" एवढं बोलून गाडी वळवली. अरे, लष्करातून सुटताना जी तू मिरवत घरी आणलीस, जिला तुझी बायको, देव तिला सुखात ठेवो, जन्मभर सवत म्हणत आली, ती अशी दुसऱ्याच्या दारात?

तुझ्या दाजीने, दुरीने, ती उचलून आत नेली आणि आपल्या एकतीस सालच्या कार्बाइन बंदुकीशेजारी कपाटात उभी केली. मी वाटच बघत होते, आता काहीतरी खवचट बोलेल. नाही बोलला. तुम्ही मेव्हणे-मेव्हणे माझ्या लग्नाच्या जेवणातसुद्धा यावरच भांडला होता, आठवतं? वऱ्हाडी कापुन्सवर ताव मारतायत आणि नवरदेव काटा नाचवत सांगतोय, "एकतीसची कार्बाइन म्हणजे घड्याळ! दांडी मागे, दांडी पुढे, काम फत्ते. तुझी सत्तावन्न म्हणजे पाय फुटलेली पाण्याची नळी!" आणि तू, "घड्याळ खरंच, दाजी. दर गोळीला चावी द्यावी लागते!" सासूबाईंनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं होतं, तुझा भाऊ नेहमीच असा असतो का गं? मी म्हटलं, आज पाहुणे आहेत म्हणून जरा सांभाळून बोलतोय. पुढे एका वर्षी तुझ्या सत्तावन्नने फेकलेली काडतुसाची तापलेली पुंगळी दुरीच्या कॉलरमध्ये शिरली आणि तो नेम धरायच्या चटईवरून उठून थयथय नाचला, तेव्हा तू "कार्बाइनवाले नाचतात छान" म्हणालास. दोन दिवस तो तुझ्याशी बोलला नाही, तिसऱ्या दिवशी तुझ्याच घरी जेवायला गेला. दोन्ही बंदुका एकाच जातीचं काडतूस खातात, तरी तुमचं काही जमेना. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तसे तुम्ही दोघे.

गेल्या वर्षीचा विषय काढणार नव्हते, पण काढते. शेवटच्या जलद फैरीतल्या तुझ्या सगळ्या गोळ्या शेजारच्या फलकावर लागल्या, दुरीच्या. फलकांखालच्या खड्ड्यात बसलेल्या मोजणाऱ्यांनी त्याच्या फलकावर दुप्पट भोकं दाखवली आणि मागून कोणीतरी टवाळ ओरडला, "शेजाऱ्याची गाय दोहली रे!" सगळे हसले. तूही हसलास, मी बघितलं. पण सॉसेज न खाता बंदूक गुंडाळलीस, आणि बसच्या थांब्यावर मला म्हणालास, "ताई, आईचंही असंच सुरू झालं होतं." ते वाक्य माझ्या उरात रुतून बसलंय. अरे वेड्या, आई आपली नावं विसरली होती, तू फक्त फलक चुकलास! ती चूक या दरीत कोणी केली नाही सांग. दुरीने केलीय, आपल्या पाद्रीबाबांनी केलीय. आणि तुझा लेक मला सांगतो की डॉक्टरांना तुझ्या डोक्यात काही सापडलं नाही, डोळ्यात मोतीबिंदू सापडला, तोही काढून झाला. तरी तू तिकडे कूर शहरात खिडकीत बसून राहतोस. नेम तर असा होता की भोकं सगळी फलकावरच्या काळ्या भागाच्या मधोमध. मी स्वतः जाऊन बघून आलेय.

इकडची गंमत ऐक. गावातली पोरं दुरीला मान देतात, म्हणून त्याच्या प्रत्येक बोलण्याला माना डोलावतात. "हो दुरीकाका, कार्बाइनसारखी दुसरी नाही." तो बिचारा वाट बघतो, कोणीतरी उलटून बोलेल म्हणून, आणि कोणी बोलत नाही. मग बियर अर्धी टाकून घरी येतो. रविवारी चर्चमधली मास-प्रार्थना झाली की दोन्ही बंदुका टेबलावर घेऊन बसतो, आधी तुझी पुसतो. "गाढव तेल फार घालतो," एवढंच पुटपुटतो. तुझ्यावर चिडायला तेवढंच उरलंय त्याला.

आता हे पत्र का, ते सांगते. परवाच्या सरावाला झ्युरिकचा एक दाढीवाला आला होता, जुन्या बंदुका जमवणारा. नवी घेतलेली कार्बाइन सगळ्यांना दाखवत म्हणाला, "सत्तावन्न म्हणजे नुसतं लोखंडाचं ओझं, ती काय बंदूक आहे?" मला वाटलं, दुरी आता त्याला मिठीच मारणार. तर हा ताडकन उठला! "ओझं? त्या ओझ्यामुळेच धक्का खांद्याला लागत नाही! तुमची दांडी ओढताना गाल हलतो, गाल हलला की नेम गेला. आणि नळीखालचे ते पाय थकल्या हातांना आधार देतात, त्यांना हसू नका!" गिएरी, शब्दन् शब्द तुझा. हातसुद्धा तुझ्यासारखाच हलवत होता. आणि शेवटी, भर सभेत, "सत्तावन्नच चांगली. माझ्या मेव्हण्याला विचारा." मी अक्रोडाचा केक कापत होते, सुरी तशीच थांबली. घरी पोचल्यावर दारातच मला म्हणाला, "नेसा, यातलं एक अक्षर गिएरीला कळता कामा नये." म्हणून लिहिलं. त्याने तुझ्या नावाची चटई आपल्या शेजारी मागून ठेवलीय, तू नाही आलास तर तोही नेम धरायला आडवा होणार नाही म्हणतो. आख्खा जन्म तू जे ऐकायला तडफडलास ते तो बोलला रे, आणि ऐकायला तू नव्हतास. शनिवारी ये, आणि त्याला ते शब्द मागे घ्यायला लाव.

तुझीच भांडखोर ताई,
नेसा