साखर उतरली की हात उठतो

तात्या, परवा मी सुनेच्या डोक्यात लाटणं घातलं. भुवई फाटली, रक्त पोळपाटावर सांडलं, तरी मी तिचे केस सोडत नव्हते म्हणे. मला त्यातलं काही आठवत नाही. दुपारी इन्सुलिनची सुई टोचून घेतली, तेवढ्यात दारात भाजीवाला आला, त्याच्याशी भांडत बसले आणि जेवण राहिलं. सुनेनं मला भुईवर पाडलं, छातीवर गुडघा दिला, तोंडात साखर कोंबली. मी माणसात आले तेव्हा ती म्हणत होती, "आत्या, सोडा आता. ते माझं बोट हाय."

काल तिनं मला बारामतीला डॉक्टरीणबाईकडं नेलं. बाईनं टेबलावर इन्सुलिन घ्यायची तिन्ही साधनं मांडली. सिरिंज मला पाठ आहे, बाटलीतून ओढा, रेघ बघा, टोचा, अर्ध्या तासात जेवा. पेनाला आकडा फिरवून लावायचा, टोचायचं आणि लगेच ताटावर बसायचं, त्यातलं औषध जलद. "पण घेऊन भांडायला गेलात तर तेही पाडेल तुम्हाला," बाई म्हणाली. तिसरा पंप. कमरेला डबी, तिच्यातून बारीक नळी पोटात, दिवसभर थोडं थोडं सोडणारा. दंडावर एक चकती, ती साखरेवर नजर ठेवते, साखर घसरायला लागली की पंप आपला आपण थांबतो. "सुईनं एकदा आत गेलं की परत काढता येत नाही, मावशी. हा निदान थांबतो तरी."

मी म्हटलं, "कमरंला यंत्र बांधायला मी काय विहिरीवरची मोटार हाय?"

"मोटार बरी," सून म्हणाली. "ती चावत न्हाय. पंप लावा, न्हायतर मी लेकरू घिऊन मोरगावला माहेरी चालले. यष्टी हाय अजून." तिच्या भुवईला टाके होते. ती थट्टा करत नव्हती.

मग बाईनं विचारलं, घरात आणखी कुणाला होतं का. मी तुमचं सांगितलं, माझ्या बापाला होतं म्हणून. ती काचेची सिरिंज, पातेल्यात उकळलेली. टोचून घ्यायचात आणि कालव्याचं पाणी आलं म्हणून उपाशीच रानात पळायचात. तुम्हाला साखर म्हणजे विष, एवढंच आम्हाला कळलेलं, म्हणून आईनं गुळाची ढेप पेटीत घालून कुलूप लावलेलं. आणि तुम्ही येताय, घामानं निथळत, डोळे पांढरे, कुऱ्हाड घेऊन पेटीवर घाव घालताय. आई आडवी आली तर तिला लाथेनं उडवलंत. चुलत्यानं तुम्हाला दाव्यानं खांबाला आवळलं आणि तोंडावर बुक्क्या घातल्या, एक दात तिथंच पडला. "गूळ दे, गूळ दे," तुम्ही रक्त थुंकत म्हणताय, आणि आम्ही एकमेकांना सांगतोय, बघा, मरायलाच निघालाय. चारी बाजूंनी ऊस, पण एक खडा कुणी दिला नाही. तुमची मान लटकायला लागली तेव्हा शेजारीण धावत आली, तिनं गोड चहा पाजला. थोड्या वेळानं तुम्ही विचारलंत, "मला बांधलं कुणी?"

बाई म्हणाली, "ते त्यांच्या हातात नव्हतं. साखर फार उतरली की माणूस आपला राहत नाही." सुनेनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मला तेवढं पुरलं. मी पंपाला हो म्हटलं, आणि त्याच भरात सांगून बसले की माझ्या बापानं जन्मभर जेवढं मारलं, ते सगळं उपाशीपोटी.

तुम्ही तर कधीच गेलात, हा कागद कुठं टाकणार, उद्या पाणी तापवताना बंबात जाईल. म्हणून लिहिते. आईचा हात मोडलात त्या दिवशी तुम्ही पोटभर जेवला होता. भाकरी, अंड्याचं कालवण, वर ताक. ती तुमच्या हातावर पाणी घालत होती. ढेकर मी ऐकला होता, तात्या. बाईला सांगितलं नाही.