मिनिटाला चाळीस ठोके

३ फेब्रु., मंगळ
नवं यंत्र आलं, वेव्हफॉर्म जनरेटर. पोळपाटाएवढा खोका, बटणं मोजून चार. बाकी सगळं कॉम्प्युटरवरून चालवायचं. दुरुस्तीला येणाऱ्या हॉस्पिटलच्या मॉनिटरना यातून हृदयाचे खोटे ठोके पुरवायचे आणि मॉनिटर ते बरोबर मोजतो का बघायचं. आधी मिनिटाला साठ, मग चाळीस, मग दीडशे. चाळीसला आणि दीडशेला त्याने अलार्म वाजवलाच पाहिजे.

पोतनीसकाका हेच काम जुन्या, फिरवायच्या बटणांच्या जनरेटरवर करत आलेत. नव्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. महिनाअखेर रिटायर. मग 'ओके'च्या स्टिकरवर सही माझी, मालक पंकजजींना पटलं तर. नाहीतर पीथमपुरहून कोणीतरी आणणार. आठ वर्षांनी घराबाहेर पडलेय. परत घरी बसायचं नाही म्हणजे नाही.

५ फेब्रु., गुरु
आज स्वतःची शोभा करून घेतली. सॉफ्टवेअरमध्ये आकड्याची चौकट आहे, तिच्यात टाकले ६०. मॉनिटर वेडापिसा, पडद्यावर नुसतं गवत. अर्धा तास वायरी बदलल्या. चौकटीला सेकंदाचा हिशेब लागतो, मिनिटाचा नाही! सेकंदाला साठ ठोके पाठवत होते मी.
पो. काका : "असा पेशंट तर गेलाच समज." हसले, पण क्लिपा स्वतः नीट लावून दिल्या.
वहीत कोष्टक : ६० = १. ४० = ०.६६७. १५० = २.५. पाठ करणे.

९ फेब्रु., सोम
सापडलं! तिन्ही पायऱ्या एकदा भरून ठेवल्या की जनरेटर आपोआप एकामागून एक चालवतो. प्रत्येक पायरीपुढे हिरवी खूण, शेवटी 'पूर्ण'. पंकजजी खूश. "संगीताजी, ये हुई ना बात! काका तो एक मशीन पे आधा दिन बैठते हैं."
काका ऐकत होते. त्यांची पद्धत अशी की ठोका दिसला की बोट टेबलावर, ओठात आकडा, पूर्ण एक मिनिट. मधे कोणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून. मला तर बघूनच झोप येते.
शेजारच्या दातांच्या दवाखान्यातून अलार्मच्या पीं-पींची तक्रार. पंकजजी म्हणाले, आवाज कम रखो. आता टेस्टच्या वेळी अगदी बारीक करते, पॅक करताना पुन्हा मोठा.

११ फेब्रु., बुध
एका दिवसात सहा मॉनिटर!! काका देवासला, भाचीचं लग्न. पंकजजी म्हणाले, आज आप ही साइन कर दो. केली. सहा स्टिकर, सहा सह्या. पाच राजवाड्याकडच्या नर्सिंग होमला गेले, एक मानपुरच्या छोट्या हॉस्पिटलला.
घरी महूला येऊन आईला सांगितलं. तिने कागदावर सही करून दाखवायला लावली. म्हणे आजोबा फौजेत अशीच करायचे, पहिलं अक्षर डोईजड. आज फार बरं वाटतंय, लिहून ठेवते.

१३ फेब्रु., शुक्र
सातवा मॉनिटर लावला. पायऱ्या चालू केल्या. हिरवं, हिरवं, हिरवं, 'पूर्ण'. पेन उचललं तर पायाला काहीतरी लागलं. वायर. खाली पडलेली. मॉनिटरला काही जोडलेलंच नव्हतं.
मुद्दाम पुन्हा चालवलं, वायर हातात धरून. हिरवं, हिरवं, हिरवं.
सॉफ्टवेअर फक्त सांगतं की जनरेटरने पाठवलं. पोचलं का, अलार्म वाजला का, त्याला काय माहीत! ते बघायचं माझं काम. आणि बुधवारी मी हिरव्या खुणा बघत स्टिकर लिहीत होते.
पहिला मॉनिटर नीट पाहिला होता, अलार्म ऐकला होता. दुसरा अर्धवट. पुढचे चार... आठवत नाही. कितीही ताण दिला तरी आठवत नाही. कोणाला कळलेलं नाही. कळणारही नाही, मी सांगितल्याशिवाय.

१४ फेब्रु., शनि
डबा तसाच परत आणला. काकांना जिन्यात गाठून सांगितलं. वाटलं होतं चिडतील, म्हणतील मी बघतो. काही नाही.
"पंकजला सांग."
"तुम्ही सांगा ना काका."
"सही कोणाची आहे?"
इतका राग आला त्यांचा. दोन आठवड्यांनी जाणार, यांना काय! मग मीच आत गेले आणि सांगून टाकलं.
पंकजजी : "किसी ने कम्प्लेन करी? नी करी ना? तो फिर अपन क्यों ढोल पीट रिये हैं?" शेवटी कबूल झाले, जवळचे पाच सोमवारी परत मागवतो. मानपुरचा राहू दे, तो पेशंटला लागलाय. "और आपकी साइन का बाद में देखते हैं."

१६ फेब्रु., सोम
पाचही आले. काकांसारखं केलं. बोट टेबलावर, आवाज पूर्ण मोठा. दातांचा डॉक्टर दारात येऊन गेला, येऊ दे. चाळीसला पाचही ओरडले, दीडशेलाही. सगळे ठणठणीत.
"देखा? फालतू में हल्ला," पंकजजी.
आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. पाच ठीक निघाले म्हणून सहावा ठीक, असं थोडंच असतं?
मानपुरला फोन लावला. सिस्टर म्हणाली, "मैडम, मस्त चल रिया है." विचारलं, चाळीसवर गेलं तर ओरडतो का? "वो तो अबी तक हुआ ई नी."
'अबी तक'! फोन ठेवला आणि उठले.
पंकजजींना म्हटलं, उद्या जाते. "अपनी ज़िम्मेदारी पे जाओ. और वहाँ बोलना रूटीन सर्विस है, समझीं?" बदली मॉनिटर कुठून आणू, विचारायची हिंमत झाली नाही. संध्याकाळी माझ्या टेबलावर खोका होता, आत एक जादा मॉनिटर. काकांनी सकाळपासून बसून तपासलेला, त्यांच्या सहीचा. काका निघून गेलेले.

१७ फेब्रु., मंगळ
महूहून सकाळची बस, मांडीवर खोका. वाटभर एकच विचार, पोचेपर्यंत काही व्हायला नको.
पेशंट म्हातारा, बारीक, डोळे मिटलेले. उशाशी सून. मॉनिटरवर ५४. मग ५२. ५३. पन्नासच्या खाली गेला की याने ओरडायचं, आणि ओरडेल की नाही हे जगात कोणालाच माहीत नाही. पाठीमागे स्टिकर, माझी सही, पहिलं अक्षर डोईजड. ५१.
सिस्टरला म्हटलं मनगट धरा, मी क्लिपा बदलते. एक क्लिप दोनदा निसटली. सिस्टर मोठ्याने मोजत होती. काकांचा मॉनिटर सुरू झाला. ५३.
जुना आवरताना सुनेने आधीच्या यंत्राबद्दल विचारलं, "पेलां वाली मशीन खराब थी कंई?"
रूटीन सर्विस. दोन शब्द. ओठांवर होते.
"मालूम नहीं," म्हटलं. "मैंने ठीक से देखी नहीं थी और साइन कर दी थी. इसलिए बदली."
सिस्टर माझ्याकडे बघतच राहिली. सुनेने सासऱ्यांची चादर सारखी केली, मग म्हणाली, "तो अबे देखी ने बताजो." म्हणजे आता बघून कळवायचं. फोन नंबर लिहून दिला, माझ्याच वहीत, कोष्टकाच्या खाली.
बसमध्ये पंकजजींचा मेसेज. सिस्टरने त्यांना फोन केला असणार. 'कल ११ बजे मिलो.' एवढंच.
आता जुना मॉनिटर स्वयंपाकघरात ओट्यावर आहे. आई म्हणाली, हा का आणलास घरी? म्हटलं, मुक्कामाला आलाय. स्टिकर खरवडावंसं वाटलं, पण राहू दिलं.
उद्या नऊलाच जाणार, पंकजजींच्या आधी. चाळीस ठोके लावायचे, अलार्मचा आवाज पूर्ण, कॉम्प्युटरकडे पाठ करून मॉनिटरसमोर बसायचं, बोट टेबलावर. वाजला तरी मानपुरला फोन करायचा. नाही वाजला तरी करायचा.