दहाव्याच्या दिवशी बाबांची गोळी

मंगळवार, संध्याकाळ

आज कन्हानच्या घाटावर आईचा दहावा झाला. कावळा पिंडाला शिवेपर्यंत बाबा घास घेईनात, आणि त्यांची कॅन्सरची गोळी तर जेवूनच घ्यायची. सकाळची राहिलीच.

आता जेवण झाल्यावर पाहतो तर त्यांच्या तळहातावर दोन गोळ्या! म्हणाले, "सकाळचीबी संगच घेऊन टाकतो."

मी हात धरला आणि दवाखान्यात फोन लावला. सिस्टर म्हणाल्या, "दोन एकदम नको. राहिलेली सोडून द्या, आताची एकच द्या. घाबरू नका."

केवढं हायसं वाटलं. पण त्या दोन गोळ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. मी अंगणात असतो तर?

बाबांनी एक गोळी परत दिली. म्हणाले, "औषधाचं तुझी आईच पाहे. आता तू पाहत जा गा."

हो म्हटलं.