सिंधूच्या बोनसातले वीस हजार आठशे

१२ जून २०१९, बुधवार

एक लाख! माझ्या सिंधूला एक लाख रुपये बोनस! पगार वेगळा, हे वरचे. परत लिहिते, मन भरंना — एक लाख.

क्लासच्या मालकानं सगळ्या मास्तरांसमोर तिचं नाव घेतलं म्हणे. तिच्या हाताखालची एकोणीस पोरं डॉक्टरकीला लागणार. केमिस्ट्री शिकवते माझी नात. ते काय असतं मला अजून कळलं न्हाई. विचारलं तर म्हणते, "अव्वा, तू वरणात चिंच टाकते ना, तेच." म्हणलं, मग मला कुणी चार आणे का दिले न्हाईत गं आजवर!

ही डायरी पण क्लासचीच. मागच्या पानावर मास्तरांचे फोटो. तिसऱ्या ओळीत सिंधू. त्या दिवशी केस नीट बांधले न्हाईत. मी सांगत होते, ऐकलं न्हाई.

१३ जून

अर्धा किलो पेढे आणले, पुरले न्हाईत. परत जाऊन किलोभर आणले. गल्लीत एक घर सोडलं न्हाई.

हसीना दुकानात बांगड्या लावत बसली होती. आम्ही लातूरला आलो तवापासून आमची भिंत एकच. म्हणली, "लाख म्हणून राहिलीस, लाखावर शून्य किती सांग बघू." मी काय कमी हाय! तिच्याच पाटीवर खडूनं एक काढला, पुढं पाच शून्य. ती बघतच बसली. म्हणली, "अगं, हे तर माझ्या दुकानात बांगड्या टांगल्यावानी दिसून राहिलं!" लई हसलो. तिचा अकरम आतून ओरडला, "अम्मी, गिऱ्हाईक!"

मी डाळमिलमध्ये सतरा वर्षं तूर निवडली. दिवाळीला बोनस म्हणून स्टीलचा डबा मिळायचा. एका वर्षी तर झाकणच बसंना. मुकादमाला दाखवलं तर म्हणला, दाबून बसव. तो डबा अजून हाय. अजून बसत न्हाई.

सिंधू स्कूटी घेणार. उरलेल्यात मला बोरमाळ करायची म्हणते. म्हणलं, माझ्या गळ्यात आता सुरकुत्यांचीच माळ झाली. पण मनात म्हणलं — होऊ दे!

१५ जून

नवव्या दिवशी नळाला पाणी आलं. भरण्यातच दिवस गेला. लाखाची नात असली तरी घागर म्हातारीच उचलते.

२९ जून, शनिवार

बोनस आला. लाख न्हाई आला.

एकोणऐंशी हजार दोनशे. सिंधूनं कागद दाखवला. मी बोट ठेवून वाचला. वर लाख बरोबर हाय. खाली एक शब्द — कपात. वीस हजार आठशे.

कपात हा शब्द मला कुणी शिकवायला नको. मिलमध्ये खाडा झाला, कपात. डाळ सांडली, कपात. चूक केल्याशिवाय कपात होत न्हाई. विचारलं, "काय चुकलं गं तुझं?"

"माझं काय चुकायचंय? सरकारनं कापले, अव्वा. आता आधार, पॅन, बँक, सगळं एकमेकाला जोडलंय. सगळं दिसतं त्यांना."

एवढं बोलली आणि पेपर तपासायला बसली.

सरकारनं! सगळं दिसतं!



३० जून

कुणाला सांगितलं न्हाई ते इथं लिहिते. आमचे मालक होते तोवर त्यांना पण सांगितलं नव्हतं. नाव घेते — रेवणप्पा! वहीत कोण ऐकतंय.

गावाकडं भूकंपाच्या रात्री मी सिंधूला घेऊन अंगणात निजले होते. अकरा महिन्यांची होती, दात येत होते, किरकिर करून राहिली होती. मालक बैलाजवळ. माझा पोरगा विरूपाक्ष आणि सूनबाई घरात. पुढचं लिहीत न्हाई.

तिसऱ्या दिवशी सरकारचा माणूस लिंबाखाली टेबल टाकून बसला. ही मोठी रांग. माझी पाळी आली. त्यानं वर न बघता विचारलं, "घरात माणसं किती?"

मी म्हणलं, पाच.

तीन होतो. तीन म्हणायचं होतं. तोंडातून निघंना. तीन म्हणलं असतं तर झालंच असतं सगळं. पाच म्हणलं. त्यानं पाच लिहिलं. पाच ब्लँकेटं, पाच ताटं, पुढं कितीक महिने पाच जणांचं धान्य. मेलेल्यांची यादी वेगळ्या साहेबाकडं, जित्यांची वेगळ्याकडं. माझी लेकरं दोन्ही याद्यांत.

तीन ब्लँकेटं वापरून फाटली. दोन पेटीत हायेत. वापरली न्हाईत, टाकली न्हाईत. दर वर्षी ऊन देते, लिंबाचा पाला घालते, परत ठेवते. सिंधू एकदा म्हणली, हे काय गं? म्हणलं, पाहुण्यांची.

आता सव्वीस वर्षांनी सरकारनं याद्या जोडल्या. सापडले मी.

१ जुलै

अकरमकडं गेले. आईच्या दुकानामागं तो कॉम्प्युटरवर लोकांचे फॉर्म भरतो. आडून विचारलं, "बाबा, एखाद्या बाईनं लई वर्षामागं सरकारचं काही जास्त घेतलं असंल, तर सरकार आता कापतं का?"

त्याची नजर कॉम्प्युटरवर. म्हणला, "हाव आज्जी, सोडतात का काय! व्याजासकट वसूल करतात."

"नातवंडाकडून पण?"

"सरकारचं काय सांगावं! बाई कोण हाय?"

"गावाकडची हाय एक," म्हणलं आणि उठले.

घरी येऊन हिशेब मांडला. दोन ब्लँकेटं, दोन ताटं, दोन जणांची ज्वारी, वर सव्वीस वर्षांचं व्याज. मला काय जमतंय! पण वीस हजार आठशे म्हणजे बरोबरच असंल. वरचे आठशे तर नक्कीच ताटांचे.

२ जुलै

घास उतरला न्हाई. चूक माझी, दंड लेकराला. आणि मी गल्लीभर पेढे वाटले!

४ जुलै, गुरुवार

आज सांगून टाकलं.

सिंधू क्लासहून आली. मी पेटी उघडून दोन्ही ब्लँकेटं तिच्यापुढं ठेवली. म्हणलं, "हे सरकारला परत दे. तुझे वीस हजार आठशे माझ्यामुळं गेले." आणि लिंबाखालच्या टेबलापासून सगळं सांगितलं. मधे एकदा पण थांबले न्हाई. थांबले असते तर राहिलंच असतं.

मला वाटलं रागवंल. न्हाईतर हसंल. दोन्ही न्हाई. तिनं दोन्ही ब्लँकेटं उलटून बघितली. मग विचारलं, "यातलं माझ्या आईचं कोणतं?"

काय सांगू! दोन्ही करड्या रंगाची, दोन्हीला लाल काठ. म्हणलं, "उजवीकडचं."

तिनं उजवीकडचं मांडीवर ओढून घेतलं. तसंच मांडीवर ठेवून मला शिकवलं. मास्तरीणच ती! म्हणली, "अव्वा, हा दंड न्हाई. हा आयकर. मागच्याचा याच्याशी काही संबंध न्हाई. कमी कमावतो त्याला सरकार काही मागत न्हाई. जास्तवाल्याला थराथरानं मागतं — खालच्या थराला थोडं, वरच्या थराला जादा. बोनस सगळ्यात वर येऊन पडतो, म्हणून त्याला वरच्या थराचा भाव. माझ्या थराला शंभरात वीस. लाखाचे किती झाले?"

बोटं मोजून मी म्हणलं, "वीस हजार."

"आणि त्या वीस हजारावर शंभराला चार."

मी म्हणलं, "आठशे!"

"बघ, माझ्या पोरांच्या आधी उत्तर दिलंस!"

"म्हणजे दुधाला हात लावत न्हाई सरकार, साय काढतं."

"साय पण सगळी न्हाई काढत, अव्वा."

ताटांचे आठशे न्हाईत तर.

मी परत विचारलं. "म्हणजे आपल्या घराला साय आली म्हणून कापले?"

"हां. आणि तुला त्या वेळी जी ब्लँकेटं मिळाली ना, ती पण कुणाच्या तरी पगारातून कापूनच आली असतील."

हे मला कधी सुचलं नव्हतं. कुठं तरी कुणाची तरी नात, तिचे पैसे कापले, आणि माझ्या सिंधूला पांघरूण आलं. तिच्या आज्जीचा पण माझ्यासारखाच जीव तळमळला असंल!

पोटभर जेवले. दोन भाकरी.

५ जुलै

उठल्याबरोबर हसीनाकडं. म्हणलं, "पाटी दे." वीस हजार आठशे लिहिले. म्हणलं, "हे बघ, आमच्या घरानं सरकारला दिले!"

ती म्हणली, "लाखाचे पेढे खाल्ले, आता गेल्याचे पण चारतीस का?"

म्हणलं, "चारते! मिळतात तर कुणालाही, द्यायला लागतात ते घर वेगळं असतं."

"अगं बाई," म्हणली, "चाळीस वर्षं बांगड्या विकल्या, सरकारनं मला कधी एवढा मान न्हाई दिला!" हसून तिचा पदर पडला. अकरम बाहेर आला. मला म्हणला, "आज्जी, ती गावाकडची बाई सुटली का?" मी म्हणलं, "सुटली रे बाबा." त्यानं पुढं काही विचारलं न्हाई. गुणाचं पोरगं हाय.

पण खरंच. भूकंपानंतर सरकारकडून पत्र्याचं घर घेतलं, मग नंबरचं पक्कं घर घेतलं, धान्य घेतलं, औषध घेतलं. मला अक्षरं आली ती पण पत्र्याच्या शेडात फुकटच्या पाटीवर. नेहमी हात असा, वर करून. आता पहिल्यांदा आमच्या घराचा हात पालथा झाला. माझ्या सिंधूनं केला.

कुठं गेले असतील ते पैसे? आपल्या नळाकडं तर आले न्हाईत अजून!

१४ जुलै, रविवार

स्कूटी आली! निळी. हसीनानं नारळ फोडला, मी चाकाखाली लिंबू ठेवलं. बोरमाळीपुरते उरले न्हाईत. सिंधूचं तोंड उतरलं. म्हणलं, अगं, माझी बोरमाळ सरकारच्या गळ्यात पडली, शोभू दे त्याला!

मागं बसून गंजगोलाईच्या बाजाराला एक चक्कर मारली. डोळे मिटूनच बसले होते, पण मारली. मिलच्या जुन्या मुकादमाचं दुकान रस्त्यात लागतं. तिथं मात्र डोळे उघडले. मुद्दाम "गाडी हळू घे" म्हणलं. बघितलं त्यानं!

२१ जुलै

सिंधू उजवीकडचं ब्लँकेट रोज पांघरते. उकाड्यात.

३० जुलै, मंगळवार

घरोघर माहिती लिहिणारा माणूस आला. जिन्याखाली खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यानं विचारलं, कमावतं कोण? सांगितलं — नात, केमिस्ट्री, एकोणीस डॉक्टर, बोनस, कपात, सगळं. डायरीतला फोटो पण दाखवला. तो हो हो करत राहिला.

मग वर न बघता विचारलं, "घरात माणसं किती?"

मी म्हणलं, "दोन."

त्यानं लिहिलं.